पिस्तूल कोणते आणि हात कोणाचा

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून ज्या पुलावर झाला त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव आहे. बहुतेक लोक मात्र त्याला ओंकारेश्वराचा पूल म्हणतात. १९०६ साली निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढून अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या शिंद्यांशी बाबासाहेबांचे मतभेद झाले. ते जगजाहीर आहेत आणि लपवण्याचे कारण नाही. पण माणसाचे नाव गाळून देवळाचे नाव तोंडी ठेवायचे ही जी आपल्या समाजाची खोड आहे, तिच्याविरुद्धच दाभोलकर आयुष्यभर बोलत होते. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी, फिरायला निघालेल्या या माणसावर त्या पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्रस्तुत लेखाचा विषय त्या गोळ्या आहेत, आणि त्या ज्या पिस्तुलातून सुटल्या त्याची ओळख पटवण्यावरून जवळजवळ अकरा वर्षे जो घोळ चालला तो आहे.

कोणी म्हणेल, माणूस गेला, आता पिस्तूल कोणते याची चिकित्सा कशाला? चिकित्सा अशासाठी की दाभोलकरांचा खून एकटा नव्हता. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरे २० तारखेला गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात वचनसाहित्याचे संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घरी मारले. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरात गौरी लंकेश यांना घराच्या दारात मारले. दोन राज्ये, चार शहरे, चार फिर्यादी. मारेकऱ्यांची पद्धत एक होती: मोटारसायकलवरून यायचे, जवळून गोळी घालायची, निघून जायचे. मरणाऱ्यांची जातकुळीही एक होती, म्हणजे विचारांची. पण न्यायालयात पद्धत आणि विचार यांना पुरावा म्हणत नाहीत. हे चार खून एकाच कटाचे आहेत असे सांगायचे तर त्यांना एकत्र बांधणारा एखादा दोरा हवा, आणि हाताशी असलेला सर्वात ठोस दोरा म्हणजे ७.६५ मिलिमीटरची गोळी. चारही ठिकाणी ती सापडली. बाजारात याच मापाला बत्तीस बोअर म्हणतात.

आता गोळीवरून पिस्तूल ओळखतात कसे? चांगल्या पिस्तुलाच्या नळीत आतून पिळदार चर असतात. गोळी त्यांतून फिरत बाहेर पडते तेव्हा त्या चरांचे ओरखडे तिच्या अंगावर उमटतात. काडतुसाच्या बुडावर पिन आदळते, तिचा खळगा उरतो. रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाताना तिच्या कडेवर आणखी एक खूण राहते. दोन गोळ्या किंवा दोन पुंगळ्या जोड-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवायच्या आणि रेघेला रेघ लागते का पाहायचे. यात यंत्र दाखवते, पण ठरवतो तो माणूस. रेघा किती जुळल्या म्हणजे जुळल्या, हा शेवटी तज्ज्ञाच्या मताचा प्रश्न राहतो.

प्रस्तुत लेखक कळंबोलीत राहतो. मुंबईतला लोखंडाचा व्यापार हलवून इथे लोखंड-पोलाद बाजार वसवला गेला. इथल्या माथाडी कामगाराला विचारावे. कारखान्यातून आलेल्या मालावर शिक्का असतो, नंबर असतो, तो कोणत्या भट्टीतून कधी निघाला याचा कागद असतो. भंगार वितळवून ओतलेल्या लोखंडाला यातले काही नसते. गावठी पिस्तूल या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याची नळी कुठल्या तरी खोपटात कातलेली, चर ओबडधोबड किंवा नाहीतच, पिन घासून बसवलेली. पन्नास गोळ्या झाडल्या की नळी बदलते तसे ओरखडेही बदलतात. आणि कोणी नळी किंवा पिनच बदलली, तर तेच पिस्तूल कागदावर दुसरे होऊन बसते. तेव्हा गावठी हत्याराची ओळख पटवणे हे काम मुळातच जिकिरीचे आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु महाराष्ट्रात जे घडले त्याला एवढेच कारण पुरत नाही.

पहिले पिस्तूल फार लवकर सापडले. ऑगस्ट २०१३ मध्येच ठाणे जिल्ह्यात शस्त्रांचा धंदा करणारे दोघे पकडले गेले आणि त्यांच्याकडच्या हत्याराशी पुलावरच्या पुंगळ्या जुळतात, असे मुंबईच्या कलिना प्रयोगशाळेचे मत पडले. जानेवारी २०१४ मध्ये त्या दोघांना दाभोलकरांच्या खुनात अटक झाली. पुढे काय? नव्वद दिवसांत आरोपपत्र गेले नाही आणि ते जामिनावर सुटले. त्यांतल्या एकाने तर कबुलीसाठी आपल्याला पंचवीस लाखांचे आमिष दाखवले गेले, असा आरोप भर न्यायालयात केला. मे २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयच्या पुढच्या कथेत हे दोघे मारेकरी म्हणून आले नाहीत. मग ते जुळलेले पिस्तूल? प्रयोगशाळेने जुळवले होते ते खरे, की तपासाने सोडून दिले ते खरे? या प्रश्नाचे सरळ उत्तर महाराष्ट्राच्या जनतेला कोणी दिले नाही. बचाव पक्षाने मात्र तो पुढे वर्षानुवर्षे पुरवून वापरला, आणि वकील म्हणून त्यांनी तो वापरला यात नवल नाही.

दुसरा घोळ प्रयोगशाळांचा. पानसरेंवर दोन पिस्तुलांतून गोळ्या झाडल्या गेल्या; त्यांतले एक दाभोलकरांच्या आणि दुसरे कलबुर्गींच्या खुनात वापरलेले आहे, असे मत बंगळूरच्या प्रयोगशाळेकडून आले. म्हणजे दोऱ्याची गाठ बसली. पण कलिन्याचे मत आणि बंगळूरचे मत एकमेकांशी जुळेना. तेव्हा २०१६ मध्ये सीबीआयने उच्च न्यायालयाला सांगितले की, तिसरे मत आम्ही लंडनच्या स्कॉटलंड यार्डकडून घेतो. खटला ताटकळला. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाला कळवण्यात आले की अशी देवाणघेवाण करायला दोन देशांत करारच नाही, सबब आता मुद्देमाल अहमदाबादच्या प्रयोगशाळेकडे जाईल. करार आहे की नाही हे पुडकी बांधण्याआधी कळत नव्हते का? कळंबोलीचा साधा ट्रकवालाही माल भरण्याआधी चेकनाक्याची कागदपत्रे पाहून घेतो.

तिसरे पिस्तूल ऑगस्ट २०१८ मधले. त्या महिन्यात दहशतवादविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात स्फोटके आणि शस्त्रे पकडली, तिथून शरद कळसकर सापडला, त्याच्या बोलण्यातून सचिन अंदुरे. आणि तेव्हाच्या औरंगाबादेत एक ७.६५ चे पिस्तूल जप्त झाले. आता गोम अशी की सप्टेंबर २०१६ च्या आरोपपत्रात सीबीआयने गोळ्या झाडणारे म्हणून दुसऱ्याच दोघांची नावे दिली होती. पिस्तूल बदलले तसे हातही बदलले. २०१९ मध्ये आणखी एक कथा आली: हत्यारांचे तुकडे करून ती ठाण्याच्या खाडीत फेकली गेली. मग खाडीचा तळ परदेशी पाणबुड्यांकडून धुंडाळला गेला, आणि मार्च २०२० मध्ये एक पिस्तूल वर काढल्याचे जाहीर झाले. चिखलात पडलेले लोखंड खाऱ्या पाण्यात किती काळ आपली ओळख टिकवते, हे खाडीकाठच्या कोणत्याही कोळ्याला विचारावे.

कर्नाटकात काय झाले तेही पाहिले पाहिजे. तिथल्या विशेष तपास पथकाने गौरी लंकेश आणि कलबुर्गी यांच्या खुनात एकच गावठी पिस्तूल वापरले गेल्याचे प्रयोगशाळेच्या आधाराने मांडले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलबुर्गींचा तपासही त्याच पथकाकडे सोपवला आणि ऑगस्टमध्ये आरोपपत्र गेले. हत्यारे तिथेही गावठीच होती, मारेकऱ्यांची पद्धतही तीच होती. फरक पडला तो तपासणाऱ्याच्या इच्छेत.

शस्त्राच्या ओळखीचा वाद ही आपल्याकडचीच नवलाई आहे असे नाही. २२ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेत डॅलसला अध्यक्ष केनेडींचा खून झाला, तेव्हा इमारतीच्या सहाव्या मजल्यावर सापडलेली बंदूक जर्मन माउझर आहे, तीही ७.६५ ची, असे एका पोलिसाने दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञेवर लिहून दिले. प्रत्यक्षात ती ६.५ मिलिमीटरची इटालियन कार्कानो होती. क्रमांक सी २७६६. दोन्ही बंदुकांची ठेवण लांबून सारखी दिसते, पोलिसाने अंदाजाने नाव घेतले. पण त्या एका शब्दावर पुढे साठ वर्षे ग्रंथ लिहिले गेले. तिथे निदान बंदूक हातात होती, नंबर वाचता येत होता.

त्याहून आपल्याला जवळचे उदाहरण सॅको आणि व्हान्झेटी यांचे. दोघेही इटलीतून अमेरिकेत पोटासाठी आलेले कामगार. सॅको चपला-बुटांच्या कारखान्यात काम करणारा, व्हान्झेटी मासळी विकणारा, दोघे अराज्यवादी. १९२० साली एका बूट-कारखान्याच्या पगाराची लूट झाली, दोघांचे खून झाले, आणि खून झालेल्या पहारेकऱ्याच्या अंगातली बत्तीस बोअरची गोळी सॅकोच्या पिस्तुलातली ठरवली गेली. सरकारी साक्षीदार असलेल्या पोलीस कॅप्टनने साक्षीत शब्द वापरले ते असे, की गोळी त्या पिस्तुलातून सुटली असण्याशी ‘सुसंगत’ आहे. पुढे १९२३ मध्ये त्याने प्रतिज्ञेवर सांगितले की ती त्याच पिस्तुलातली असे मला म्हणायचे नव्हते. सरकारी वकिलाला ते ठाऊक होते आणि प्रश्नाची शब्दरचना आधीच ठरली होती. तरी २३ ऑगस्ट १९२७ ला दोघांना विजेच्या खुर्चीवर बसवले. पुढे १९६१ मध्ये गोळ्या तपासल्या तेव्हा त्या सॅकोच्या पिस्तुलाशी जुळल्या असे तज्ज्ञ म्हणाले. त्यावर, गोळीच मध्ये बदलली होती का, असे दुसऱ्यांनी विचारले. १९७७ साली मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने त्यांच्यावरचा खटला न्याय्य झाला नव्हता असे जाहीर केले. ज्याला फाशी द्यायचीच आहे त्याच्याविरुद्ध ‘सुसंगत’ पुरेसे होते. ज्याला गाठायचे नाही त्याच्याविरुद्ध तीन प्रयोगशाळाही अपुऱ्या पडतात.

गांधींच्या खुनात तर हत्याराचा वाद असूच नये. ३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसे जागच्या जागी पिस्तुलासह पकडला गेला. इटालियन बनावटीचे बेरेटा, क्रमांक ६०६८२४. ते ग्वाल्हेरमधून कसे मिळवले हे खटल्यात आले. गोळ्या तीन. असे असताना सुमारे सत्तर वर्षांनी मुंबईतल्या अभिनव भारतशी संबंधित एका गृहस्थाने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की चौथी गोळी होती, ती दुसऱ्याच पिस्तुलातली होती, सबब पुन्हा तपास करा. न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना कागदपत्रे तपासायला सांगितली. त्यांनी अर्थ नाही म्हटले, आणि मार्च २०१८ मध्ये अर्ज निकालात निघाला. गांधींशी आपले भांडण पुणे कराराचे आहे. ते भांडण आपण सभेत, ग्रंथांत, मतपेटीत केले, आणि यापुढेही करू. पण ही चौथी गोळी कोणाची सोय पाहते? पिस्तूल नंबरासकट सापडले तरी दुसरे पिस्तूल कल्पायचे, आणि पिस्तूल सापडलेच नाही तर हात नव्हताच म्हणायचे. दोन्ही बाजूंनी लाभ एकाच घराण्याचा होतो.

या घराण्याचा पत्ता आमच्या भागाला परका नाही. २० फेब्रुवारी २००८ ला पनवेलच्या सिनेराज चित्रपटगृहात ‘जोधा अकबर’ चालू असताना स्फोट झाला. पाठोपाठ वाशी आणि ठाण्याच्या नाट्यगृहांत बॉम्ब ठेवले गेले. त्या तपासात देवदच्या सनातन आश्रमाचे नाव आले, आणि २०११ मध्ये दोघांना शिक्षा झाली. दाभोलकर प्रकरणात डॉ. वीरेंद्र तावडे यांना जून २०१६ मध्ये अटक झाली तीही पनवेलमध्येच. न्यायालयाने त्यांना २०२४ मध्ये निर्दोष सोडले, आणि संस्थेने खुनाशी आपला संबंध सतत नाकारला, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आणि त्याच आमच्या भागात तळोजा कारागृह आहे. नालासोपाऱ्याचा शस्त्रसाठा पकडला गेला तो ऑगस्ट २०१८. त्याच महिन्याच्या अखेरीस भीमा कोरेगाव प्रकरणात देशभरातून लेखक-वकिलांना अटक झाली. ३१ ऑगस्टला पोलिसांनी पत्रकार परिषदेत एक पत्र वाचून दाखवले. त्यात ‘एम-४’ बंदूक आणि चार लाख गोळ्यांसाठी आठ कोटींचा उल्लेख होता. पंतप्रधानांच्या हत्येचा कट शिजत होता, असे सांगण्यात आले. म्हणजे इथे शस्त्राची ओळख अगदी नेमकी झाली होती, फक्त शस्त्र नव्हते आणि प्रेत नव्हते. ते पत्र ज्या संगणकांतून मिळाल्याचे सांगितले गेले त्यांतल्या एकात फाइली बाहेरून घुसवल्या होत्या, असे अमेरिकेतल्या आर्सेनल या तपासणी संस्थेने २०२१ मध्ये म्हटले. याच प्रकरणात डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीला, शरण गेले आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, तळोज्यातून बाहेर आले. जामीन देताना उच्च न्यायालयाने दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा नसल्याचे म्हटले. स्टॅन स्वामी तर बाहेर आलेच नाहीत. ५ जुलै २०२१ ला बंदिवासातच, रुग्णालयात, त्यांचा अंत झाला. एका बाजूला चार प्रेते आणि पिस्तूल ‘निश्चित होत नाही’. दुसऱ्या बाजूला कागदावरची बंदूक आणि माणसे वर्षानुवर्षे आत. पुराव्याचे शास्त्र एकच आहे म्हणणाऱ्यांनी या दोन वजनांचा तराजू तपासून पाहावा.

शेवटी दाभोलकरांच्या खटल्यात काय टिकले? आरोप निश्चित व्हायलाच सप्टेंबर २०२१ उजाडला. सरकार पक्षाने वीस साक्षीदार तपासले. निकालाचा आधार झाला तो दोन माणसांच्या डोळ्यांचा. एक जण जवळच्या इमारतीच्या सज्जातून पाहत होता. दुसरा पुणे महापालिकेचा सफाई कामगार, त्या सकाळी पुलावर झाडू मारणारा. त्याची जात आपण विचारत नाही. झाडू कोणाच्या हाती दिला जातो हे या त्रैमासिकाच्या वाचकाला सांगायला नको. २०२२ मध्ये त्याने न्यायालयात उभे राहून अंदुरे आणि कळसकर यांना ओळखले. उलटतपासणीत त्याला सारे विचारले गेले: इतक्या वर्षांनी कसे आठवते, तेव्हा काय सांगितले होते, आता काय सांगतोस. तो ढळला नाही.

साक्षीदाराची ही जागा आपल्या माणसांच्या वाट्याला नेहमी वेगळी आली आहे. खैरलांजीत २००६ साली चार माणसे मारली गेली. ज्यांनी मारले त्यांना शिक्षा झाली, पण जातीमुळे मारले हे न्यायालयाला दिसले नाही. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला दहा माणसे पडली तेव्हा गोळ्या कोणाच्या बंदुकीतल्या याचा वाद कधीच नव्हता, सरकारी बंदुकांच्याच होत्या. तरी फौजदाराला शिक्षा सुनावायला २००९ साल यावे लागले. आपल्याकडे पाहणारे पुष्कळ असतात, त्यांचे ऐकणारा मिळत नाही. पुण्याच्या खटल्यात झाडूवाल्याचे ऐकले गेले, आणि त्याच्यावर एका खुनाचा निकाल उभा राहिला. कलिना, बंगळूर, अहमदाबाद आणि ठाण्याची खाडी मिळून जे करू शकले नाहीत ते त्याने केले.

पण डोळे जेवढे पाहतात तेवढेच सांगतात. पुलावर कोण होते हे तो सांगू शकत होता. पिस्तूल कोणी दिले, पैसा कोणाचा, यादी कोणी केली, हे पुलावरून दिसत नाही. ते सांगण्यासाठी पिस्तूल बोलायला हवे होते. १० मे २०२४ ला न्यायाधीश प्रभाकर जाधव यांनी अंदुरे आणि कळसकर यांना जन्मठेप आणि प्रत्येकी पाच लाख रुपये दंड दिला. तावडे आणि इतर दोघे सुटले. दहशतवादविरोधी कायद्याचे कलम आणि कटाचा आरोप सिद्ध झाले नाहीत. खुनामागचे सूत्रधार दुसरेच आहेत आणि त्यांना शोधण्यात पुणे पोलीस व सीबीआय कमी पडले, अशी नोंद न्यायालयाने निकालात केली. मेलेल्या माणसाचीच बदनामी करून खुनाचे समर्थन करू पाहणाऱ्या बचावावरही न्यायाधीशांनी ताशेरे ओढले. त्यानंतर सुटकेविरुद्ध दाभोलकर कुटुंबीयांनी मुंबई उच्च न्यायालयात अपील केले.